माटोळीखालचा कॅमेरा: शटर रिमोटच्या वापराचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातील एका एकत्र कुटुंबाच्या जुन्या घरात २०२४ च्या चवथीला (गणेश चतुर्थीला) घडलेला हा प्रसंग आहे. कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून गाव, आडनाव आणि कॅमेऱ्याची कंपनी दिलेली नाही. तिघा भावांची कुटुंबे वर्षभर पणजी, मडगाव आणि पुणे येथे विखुरलेली असतात आणि चवथीच्या दोन दिवसांपुरती मूळ घरी जमतात. थोरले काका, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, ऐंशी ओलांडलेले आहेत. माटोळीला बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक फळाचे, शेंगेचे आणि पाल्याचे नाव सांगू शकणारी घरातली ती आता एकमेव व्यक्ती आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर, गणपतीच्या डोक्यावर तुळयांना टांगलेल्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घोस, केळीचे घड, तोरंजन, चिबूड, तवशी, आंबाडे, निरफणस, कवंडळे, कांगलांचे लाल-केशरी झुबके आणि कितीतरी रानवस्तू बांधल्या जातात, तिला माटोळी म्हणतात. या घरची चौकट साधारण सात फूट लांब आणि साडेचार फूट रुंद आहे. सामान काही डोंगरावरून येते, काही बाजारातून. त्या वर्षी चवथ शनिवारी, ७ सप्टेंबरला होती, म्हणजे आदल्या दिवशी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार होता आणि बरेचसे सामान तिथूनच आले.

आबांच्या पुतणीला छायाचित्रणाची आवड आहे आणि तिच्याकडे २४ मेगापिक्सेलचा, आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा आहे. तिने ठरवले की माटोळीचे खालून वर पाहणारे एकच मोठे चित्र घ्यायचे, ते तीन फूट रुंद छापायचे, प्रत्येक वस्तूवर क्रमांक टाकायचा आणि आबांकडून नावे घेऊन खाली यादी जोडायची. दुसरे काम साधे होते: दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या कुटुंबाचे एक समूहचित्र, आणि त्यात तीसुद्धा हवी होती.

अडचण

माटोळी शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास बांधून झाली. शनिवारी सकाळी मूर्ती चौरंगावर बसली की मग कॅमेरा घेऊन त्या जागी कोणी आडवे होणार नव्हते. त्यामुळे हातात होती ती एकच रात्र. फ्लॅश आबांना नको होता. तो पुतणीलाही नको होता, कारण चिबडाच्या आणि तवशाच्या चकचकीत सालीवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि वरच्या तुळयांवर प्रत्येक फळाची काळी सावली उमटते. खोलीत दोन समया आणि एक पिवळा दिवा, इतकाच उजेड होता.

तिने तांदळाने अर्धी भरलेली कापडी पिशवी जमिनीवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा उताणा झोपवला, भिंगाचे तोंड वर केले आणि बोटाने शटर दाबले. एफ/११ (भिंगाचे छिद्र किती उघडे; आकडा मोठा तर छिद्र लहान), आयएसओ १०० (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) आणि शटर उघडे राहण्याचे आठ सेकंद, असे तिचे मोजमाप होते. चित्र पुसट आले. बोटाचा धक्का लागला असे समजून तिने दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावला. चित्र पुन्हा पुसट. दहा सेकंदांचा टायमर लावूनही फरक पडला नाही, तेव्हा दहाच्या सुमारास तिने मला फोन केला. मी त्याच वाड्यावर राहतो आणि काही वर्षे छायाचित्रणाचे छोटे वर्ग घेत आलो आहे.

मी पोहोचल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही प्रकारची चित्रे लॅपटॉपवर शंभर टक्के आकारात शेजारी शेजारी उघडली. बोटाने दाबलेल्या चित्रात सगळेच दुहेरी होते, अगदी लाकडी चौकटीच्या कडासुद्धा. टायमरने घेतलेल्या चित्रात चौकटीच्या लाकडाचे खिळे मोजता येत होते, पण कांगलांचे झुबके लाल धुरासारखे दिसत होते आणि नारळाला दोन शेंड्या होत्या. म्हणजे कॅमेऱ्याचा धक्का टायमरने खरोखरच थांबवला होता, हलत होती ती माटोळी. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा मला हाच वाटतो. चित्र पुसट आहे एवढ्यावर निदान थांबले असते, तर आम्ही रात्रभर अधिकाधिक मजबूत आधार शोधत बसलो असतो.

टांगलेली वस्तू म्हणजे लंबक. फूटभर दोरीला लोंबणाऱ्या वस्तूचा एक पूर्ण झोका सुमारे १.१ सेकंदाचा असतो, आणि दोरी लांब तर झोका सावकाश. आठ सेकंदांत अशी वस्तू सात वेळा जाऊन येते. जड नारळ एकदा हलला की बराच वेळ हलत राहतो. कांगलांचा झुबका लवकर स्थिरावतो, पण दाराशी कोणी पदर झटकला तरी पुन्हा डुलू लागतो. त्यात घराचा माळा लाकडी फळ्यांचा आहे, आणि माळ्यावर मुले धावत होती.

पर्याय

आम्ही दोन प्रश्न वेगळे केले. कॅमेऱ्याला हात न लावता शटर कसे उघडायचे, हा पहिला. वस्तू स्थिर असल्याच्या नेमक्या क्षणी ते कसे उघडायचे, हा दुसरा. सेल्फ टायमर पहिला प्रश्न फुकटात सोडवतो आणि दुसऱ्यात पूर्ण निरुपयोगी ठरतो, कारण आपण क्षण निवडतो तो दोन सेकंद आधी. इमारत किंवा देवळाची दीपमाळ टिपायची असती तर मी रिमोटचा विषयही काढला नसता.

घरात तीन साधने होती आणि तिन्हीत काही ना काही खोट होती. पहिला होता इन्फ्रारेड रिमोट, नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर चालणारा. त्याची किरणे टीव्हीच्या रिमोटसारखीच सरळ जातात आणि कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला, पकडीवर असलेल्या छोट्या काळ्या खिडकीत शिरावी लागतात. आमचा कॅमेरा उताणा होता, त्यामुळे ती खिडकी छताकडे पाहत होती. दारातून दाबले की कधी चाले, बहुधा चालत नसे. चौकटीखाली हात घालून दाबले तर चाले, पण मग हात चित्रात येई आणि हवाही ढवळली जाई.

दुसरे साधन होते २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा रेडिओ रिमोट. त्याला नजरेची सरळ रेषा लागत नाही, दाराआडूनही तो चालतो आणि या कामाला तोच सर्वांत योग्य होता. पुतणीने तो खास चवथीसाठी आठवडाभर आधी मागवला होता, पण त्याच्याबरोबर आलेली जोडतार दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याची निघाली. हा घोटाळा नेहमीचा आहे. शटरच्या तारेची जोडणी सर्वांची सारखी नसते: कॅननच्या लहान कॅमेऱ्यांना २.५ मिमीची बारीक पिन लागते आणि मोठ्यांना तीन टोकांची एन३, तर निकॉनच्या बऱ्याच मधल्या कॅमेऱ्यांना चपटी आयताकृती आणि वरच्या श्रेणीतल्यांना गोल दहा पिनांची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत कॅमेऱ्याची कंपनी लिहिलेली असते, जोडणीचा प्रकार मागच्या बाजूला बारीक टाइपात असतो, आणि आपण वाचतो ते मोठे अक्षर.

तिसरे साधन म्हणजे साधी तारेची केबल रिलीज, तीन वर्षांपूर्वी घेतलेली आणि तेव्हापासून कपाटाच्या खणात पडून राहिलेली. ती लावल्यावर अर्धे बटण दाबले की कॅमेरा फोकस करी, पूर्ण दाबले की काहीच होत नसे. शिवाय ती जेमतेम ऐंशी सेंटिमीटर लांब होती. एवढ्या अंतरावर बसलेला माणूस या भिंगाच्या कोनात येतोच.

चौथा पर्याय मोबाइलचा. कॅमेरा स्वतःचे वायफाय सोडतो, त्यामुळे गावात नेटवर्क नसले तरी अडत नाही, आणि आमच्या बाबतीत त्याचा एक मोठा फायदा होता: कॅमेऱ्याचा पडदा तांदळाच्या पिशवीत दबलेला असल्यामुळे चौकट नीट बसली आहे की नाही हे पाहण्याचा दुसरा मार्गच नव्हता. पण मोबाइलवर बोट टेकवणे आणि शटर उघडणे यांत जाणवण्याइतका उशीर होत होता, आणि तो दर वेळी सारखा नसे. झुलणाऱ्या वस्तूसाठी हा अनिश्चित उशीर टायमरपेक्षाही वाईट, कारण टायमरचा उशीर निदान ठाऊक तरी असतो.

पुतणीचे मत मोबाइलच्या बाजूने होते, कारण तो लगेच चालत होता. माझे मत तारेच्या बाजूने होते. आम्ही दोन्ही वापरायचे ठरवले: चौकट आणि फोकस मोबाइलवर पाहायचा, मग वायफाय बंद करून शटर तारेने उघडायचे.

प्रत्यक्ष कृती

आधी तार दुरुस्त करणे आले. या केबलमध्ये फार काही नसते. आत तीन तारा असतात: एक सामाईक, एक फोकसची, एक शटरची. अर्धे बटण दाबले की फोकसची तार सामाईक तारेला टेकते, पूर्ण दाबले की शटरची. फोकस होतो पण शटर उघडत नाही, याचा अर्थ तिसरा संपर्क तेवढा तुटलेला. पिनेवर टॉर्च मारला तेव्हा टोकाला हिरवट थर दिसला. गोव्याचे तीन पावसाळे बंद खणात काढलेल्या धातूचे याहून वेगळे काय होणार. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पिन पुसली, कॅमेऱ्याच्या छिद्रात ती दहा-बारा वेळा घालून काढली आणि शटर वाजले. शेजारी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा मुलगा राहतो. त्याने रात्री साडेदहाला, जराही कुरकुर न करता, केबल मध्ये कापून तीन मीटर तीनपदरी तार डाग देऊन (सोल्डर करून) जोडली. इथून केवळ संपर्क जुळतो आणि तुटतो, मोठा प्रवाह वाहत नाही, म्हणून एवढी लांबी वाढवल्याने काही बिघडत नाही. दोन तारांची अदलाबदल झाली तर मात्र अर्ध्या दाबालाच शटर उघडेल, एवढे पाहून घ्यावे लागते.

दुसरा निर्णय एक्स्पोजरचा, म्हणजे चित्रावर किती उजेड पडू द्यायचा याचा, होता आणि त्यावर आमचा थोडा वाद झाला. वस्तू कमी-जास्त उंचीवर लोंबत असल्यामुळे सगळे स्पष्ट यावे म्हणून एफ/११ हवेच, असा पुतणीचा आग्रह. सवयीने मलाही तेच वाटले असते. पण भिंग १८ मिमीचे होते, वस्तू भिंगापासून दीड ते दोन मीटरच्या पट्ट्यात होत्या, आणि गणित मांडून पाहिले तर पावणेदोन मीटरवर फोकस ठेवून एफ/५.६ वरही साधारण १.३५ ते अडीच मीटरपर्यंतचे सगळे मोठ्या छपाईच्या कडक निकषाला उतरत होते. एफ/११ वरून एफ/५.६ वर आलो, की आठ सेकंदांचे दोन सेकंद झाले. आयएसओ १०० वरून ४०० केला, की दोन सेकंदांचा अर्धा सेकंद झाला. आयएसओ ४०० ला या कॅमेऱ्यात दाणे जवळजवळ दिसत नाहीत. छपाईत इंचाला १६६ बिंदूच मिळणार असल्याने काटछाटीला वाव नव्हता, पण दाण्यांची भीती धरायचे कारणही नव्हते.

मात्र अर्धा सेकंद ही एका वेगळ्या कारणाने अडचणीची वेळ आहे. डीएसएलआरमध्ये शटर उघडण्याआधी आरसा उसळून वर जातो आणि त्याच्या धक्क्याने कॅमेरा क्षणभर थरथरतो. आठ सेकंदांच्या चित्रात तो क्षण नगण्य असतो, हजाराव्या भागात तो सापडतच नाही, पण सेकंदाच्या पंधराव्या भागापासून सेकंदापर्यंतच्या पट्ट्यात तो चित्रावर उमटतो. म्हणून मिरर लॉकअप सुरू केले. यात केबलचे बटण पहिल्यांदा दाबले की आरसा वर जाऊन थांबतो, दुसऱ्यांदा दाबले की शटर उघडते. आमच्या दृष्टीने या दोन दाबांमधली मोकळी जागा हीच खरी सोय होती: आरसा वर करून ठेवायचा आणि माटोळीकडे पाहत बसायचे. ही वाट अमर्याद नसते. काही कॅमेऱ्यांत ३० सेकंदांनी आरसा आपोआप खाली येतो, तर काहींत त्याच क्षणी चित्र घेतले जाते. हे आपल्या कॅमेऱ्यात कसे आहे ते आधी पाहून ठेवलेले बरे. आम्हाला ते पहिल्या वाया गेलेल्या चित्रावरून कळले.

फोकस मोबाइलवर नक्की करून भिंग मॅन्युअलवर टाकले. केबलच्या अर्ध्या दाबाने कॅमेरा पुन्हा फोकस शोधू लागतो, आणि मंद उजेडात तो नेमका समईच्या ज्योतीवर जाऊन बसतो. भिंगातील कंपनरोधकही बंद केला. मग पंखा बंद, खिडक्या बंद, माळ्यावरची मुले खाली आणून भिंतीशी बसवली. आबांनी त्यांना सांगितले, ‘‘कांगलां हलायची थांबली की मला सांगा, बघू कोणाला आधी दिसतं.’’ बारा जोडी डोळे वर लागली. एवढे शांत मी त्या घराला कधी पाहिले नव्हते.

मी दाराच्या उंबऱ्याबाहेर, तीन मीटरवर, केबल हातात धरून बसलो. सर्वांत हलकी कांगलां थांबली तरी मधला एक मोठा नारळ हलत होताच. पुतणीने सुचवले की तो हाताने थांबवू या. थांबवला, तर तिच्या हाताच्या वाऱ्याने कांगलां पुन्हा डुलू लागली. तेव्हा नारळाचा झोकाच वापरायचे ठरले. झोका टोकाला पोहोचतो तेव्हा वस्तू क्षणभर थांबते. पहिला दाब नारळ मधून जाताना द्यायचा, आरसा वर गेला की थरथर विरू द्यायची आणि त्यानंतरच्या एखाद्या टोकाला दुसरा दाब द्यायचा. अर्ध्या सेकंदासाठी हा उपाय पुरता नेमका नव्हता, म्हणून झोका बोटभर उरेपर्यंत वाट पाहिली. साडेअकरा ते बारा या वेळात एकूण २६ चित्रे घेतली.

दुसऱ्या दिवशीच्या समूहचित्राबद्दल थोडक्यातच लिहितो. कॅमेरा ट्रायपॉडवर, तोंड कुटुंबाकडे, अंतर चार मीटर, आणि रात्री नापास झालेला इन्फ्रारेड रिमोट येथे एकदाही चुकला नाही, कारण त्याची खिडकी आता पुतणीच्या समोर होती. रिमोट दोन सेकंदांच्या विलंबावर ठेवला, म्हणजे दाबून हात पदराआड नेता येतो. चूक झाली ती माझी. कॅमेऱ्याच्या पाठीमागे उघडे दार होते आणि दुपारचे ऊन व्हरांड्यात आले होते. एरवी डोळा लावलेला असतो त्या व्ह्यूफाइंडरमधून तो उजेड आत शिरला, प्रकाशमापक फसला आणि पहिली नऊ चित्रे एका स्टॉपहून अधिक, म्हणजे अर्ध्याहून कमी उजेडाची, काळी आली. कॅमेऱ्याच्या पट्ट्यातच व्ह्यूफाइंडर झाकायचे रबरी झाकण ओवलेले होते. ते लावले आणि एक्स्पोजरही मॅन्युअल केले. तोवर दोन लहानग्यांनी जेवायला जायचा हट्ट धरला होता.

निष्पत्ती

२६ पैकी चार चित्रांत मधला नारळ वगळता सर्व काही स्वच्छ होते, आणि एकात नारळही. तेच छापले. समूहचित्रातही सगळ्यांचे डोळे उघडे असलेले एक चित्र निघाले.

नावांचे काम अपेक्षेपेक्षा अवघड गेले. छापील चित्रावर पुतणीने क्रमांक टाकले आणि आबांसमोर ठेवले, तेव्हा लक्षात आले की खालून पाहिलेले फळ आणि हातात धरलेले फळ ही आबांच्या दृष्टीने दोन वेगळी फळे आहेत. पाने दिसत नाहीत, देठ दिसत नाही, वास नाही. बहुतेक नावे त्यांनी सांगितली, पण तीन वस्तूंवर ते अडले.

वेगळे काय करता आले असते

साधनांबद्दलचे उत्तर सोपे आहे. रेडिओ रिमोट मागवला त्याच दिवशी खोके उघडून कॅमेऱ्याला लावून पाहिला असता, तर बदलून घ्यायला आठवडा होता. केबल दर पावसाळ्यानंतर एकदा काढून पुसली असती तरी पुरे होते. आता पुतणी ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

चित्रणाच्या बाबतीत, आम्ही अर्धा सेकंद धरला त्याऐवजी आयएसओ १६०० करून सेकंदाच्या आठव्या भागापर्यंत यायला हवे होते, असे आज मला वाटते. दाणे थोडे वाढले असते, पण झोक्याचे टोक पकडणे कितीतरी सोपे झाले असते आणि २६ पैकी एकावर समाधान मानावे लागले नसते. कॅमेऱ्याला हात न लागणे एवढाच रिमोटचा उपयोग आम्ही सुरुवातीला धरला होता. क्षण आपल्या हातात येतो हा त्याचा दुसरा उपयोग लक्षात आल्यावरही एक्स्पोजर आम्ही पहिल्याच हिशेबाने ठेवले. येथे माझा निर्णय अर्धवट होता.

पण सर्वांत मोठा प्रश्न त्याही आधीचा आहे. माटोळी टांगून झाल्यावर चित्र घ्यायचे, हे गृहीत आम्ही एकदाही तपासले नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात प्रत्येक वस्तू आबांच्या हातातून गेली होती. ते तिचे नाव घेत होते, केळीच्या सोपाने (खोडाच्या सालीने) बांधायला पुढे देत होते, आणि कॅमेरा त्या वेळी बॅगेत होता. २०२५ ला चवथ २७ ऑगस्टला आली तेव्हा पुतणीने ओसरीवर ट्रायपॉड लावला, खाली सूप ठेवले, केबल पायाशी सोडली, आणि आबा एकेक वस्तू सुपात ठेवून नाव सांगत गेले तशी ती हात पिशवीत घालून पुढची वस्तू काढता काढता दुसऱ्या हाताने बटण दाबत गेली. टांगलेल्या माटोळीचे मोठे चित्रही घेतले, पण घाई न करता.

त्या तिन्हींपैकी दोन वस्तूंची नावे, डोंगरावरून सामान आणून देणाऱ्या बाईंनी छापील चित्र पाहताच सांगितली. तिसऱ्या वस्तूसमोरची जागा यादीत अजून कोरी आहे.